चिमूटभर बी

आमच्या घरात वांग्याचे दोन प्रकार मानले जातात: एक वांगं, आणि दुसरं सुरतेत मिळतं ते. ही वर्गवारी मायची. खरं वांगं म्हणजे तिच्या माहेरचं, जळगावकडचं, हिरवट-पांढरं, भाजलं की लोण्यासारखं होणारं भरताचं वांगं. त्याचं बी मामा दरवर्षी फडक्यात बांधून पाठवायचा. मागच्या वर्षी त्याने वांगी लावणंच सोडलं आणि शेवटची पुरचुंडी मायच्या हातात ठेवली. "आते इतलंच शे," म्हणाला. मायने ती देवघरात ठेवली. देवांना थोडं सरकून बसावं लागलं.

सुरतेत कोसाडला आमच्या रो-हाऊसमागे वीतभर जागा आहे. तिथे मायने थोडं बी टाकून बारा रोपं केली. त्यांना पाणी घालायचं काम आबांनी स्वतःहून ओढून घेतलं. आबा म्हणजे माझे वडील; त्यांनी तीस वर्षं कडोदऱ्याच्या कारखान्यात कापडाचा लूम चालवला. रिटायर झाल्यापासून त्यांचे हात घरभर काम शोधत फिरतात. माझा मिक्सर त्यांनी दोनदा दुरुस्त केला, त्यातला एकदाच तो बिघडलेला होता. रोपांसाठी त्यांनी एक सरळ चर खणला. एका टोकाला पाइप सोडला की पाणी बाराही जणांना भेटून यायचं. चर बघायला त्यांनी शेजारच्या बेननाही बोलावलं होतं.

एका दुपारी पहिल्या रोपाने मान टाकली. पानं हिरवीगार, कीड नाही, डाग नाही. आबांनी निदान केलं: तहान. पाइप सोडला. तिसऱ्या दिवशी रोप गेलं. मग दुसरं, मग तिसरं, चराच्या क्रमाने, माझ्या वर्गाच्या हजेरीसारखं. आबा पाणी वाढवत राहिले, आणि गेलेलं रोप मुळांसकट त्याच मातीत खत म्हणून गाडत राहिले.

"पानी टाकी टाकी मारी टाकशात तुमी!" माय म्हणाली. ती रागाच्या भरात बोलली, पण निदान तिचंच बरोबर निघालं.

पाचवं रोप मलूल झालं तेव्हा मी ते आणि आबा, दोघांनाही स्कूटरवर घालून पलसाण्याच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीवाल्याकडे नेलं. त्याने खोड कापलं आणि तुकडा काचेच्या ग्लासातल्या पाण्यात धरला. थोड्या वेळात कापातून दुधासारखी पांढरी धार बारीक होऊन खाली उतरायला लागली.

"सूत निघतंय," आबा म्हणाले.

"रोग जमीनमां छे, काका," नर्सरीवाला म्हणाला. "पाणी साथे तमे ज फेलाव्यो."

हा मर रोग. जंतू मातीत असतात, मुळांतून शिरतात आणि झाडाच्या पाण्याच्या नळ्याच बंद करून टाकतात. म्हणून झाड पाण्यात उभं राहून तहानेने मरतं. एकदा लागला की औषध चालत नाही. आबांनी चरातून तो घरोघरी पोहोचवला होता. नर्सरीवाल्याने हेही विचारलं, की याआधी त्या मातीत टोमॅटो होते का? टोमॅटोलाही हाच रोग होतो. दोन वर्षं होते, आणि ते मी लावले होते. ही गोष्ट मी घरी आजतागायत सांगितलेली नाही.

पंधरा दिवसांत बाराही रोपं गेली. मायने आबांशी बोलणं टाकलं. चहा झाला तरी "तुन्हा बापले सांग, च्या व्हयना," असं ती मलाच सांगायची. आबा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेले असायचे. मला दोघांचाही राग यायचा, आणि आबांचं खाली गेलेलं तोंड बघवत नव्हतं.

पुरचुंडीत आता चिमूटभर बी उरलं होतं.

नर्सरीवाल्याने एक उपाय सांगितला होता. काटेरी जंगली वांग्याच्या मुळाला हा रोग सहसा धरत नाही. त्याच्या खोडावर आपल्या रोपाचा शेंडा कलम करायचा. आबांनी ते नर्सरीत एकदा पाहिलं आणि त्यांची बोटं जागी झाली. तीस वर्षं तुटलेले धागे जोडणारा माणूस तो! त्यांनी जंगली रोपं आणली, सरावासाठी बाजारातली सुरती रोपं आणली, आणि ब्लेडचं पातं उकळत्या पाण्यातून काढून कापाकापी सुरू केली. खाली चीर, वर पाचर, भोवती सुताचे वेढे, वरून प्लास्टिकची पिशवी, आणि सगळं सावलीत. पहिली चार मेली. पाचव्याला नवं पान फुटलं.

ते रोप घेऊन आबा मायसमोर उभे राहिले. "बी दे," म्हणाले.

माय कितीतरी वेळ त्या सांध्याकडे बघत राहिली. देवघरात गेली. मला वाटलं, नाही देणार. मीसुद्धा दिलं नसतं. तिने पुरचुंडी आणून माझ्या हातात दिली. "तुन्हा बापले सांग, चर खनू नका."

या खेपेला नवी माती, वेगळ्या गोण्या, प्रत्येकीला वेगळा तांब्या. सांधा मातीच्या वर. सहा कलमं जगली. पहिलं वांगं वीतभर झालं तेव्हा आबांनी भरताच्या मिरच्या निवडून ठेवल्या. मायने त्यांना झाडाजवळ फिरकू दिलं नाही. वांगं पिवळं पडलं, जून झालं, मऊ पडलं, आणि आबांच्या डोळ्यांदेखत भरीत वाया गेलं.

मग तिने ते फोडलं, बी धुतलं, सुपात वाळवलं. मामाच्याच फडक्यात भरलं. पुरचुंडीची गाठ ती घरात दुसऱ्या कुणाला कधी मारू देत नसे. त्या दिवशी तिने फडक्याची चारी टोकं एकत्र धरली आणि माझ्याकडे न बघता सरळ आबांपुढे हात केला.

"गाठ तुमी मारा," ती म्हणाली.