नथ्थूजींच्या वाट्याच्या गोळ्या

बातमी आली तेव्हा मी त्यांचीच गोष्ट सांगत होतो. यवतमाळहून परतीची बस, आणि मी दोन बाकांच्या मधे उभा राहून एका फौजदाराच्या निखळलेल्या खांद्याची नक्कल करत होतो. नथ्थूजींनी त्याला विचारलं होतं, "साहेब, तुमच्या घोड्याचं नाव काय?" साहेब नाव सांगायला तोंड उघडतात तोच कट्! खांदा जागेवर, आणि तोंडातून घोड्याच्या नावाऐवजी अशी शिवी की ओट्यावरची कुत्री उठून गेली. सगळी बस हसत होती. बाभुळगावला आमच्या गावचा एक माणूस चढला. त्यानं माझा वर गेलेला हात पाहिला आणि हळूच म्हणाला, "मास्तर, कोनाचं सांगून राह्यले? ते गेले ना आज सकाळी…"

हात तसाच वर राहिला. खाली कसा आणावा ते सुचेना.

नथ्थूजी आमच्या गावचे हाडवैद्य. मी तिथल्याच शाळेत मास्तर. त्यांच्या ओट्यावर सकाळपासून माणसं बसलेली असत. नेरकडचे शेतकरी, राजूरच्या खाणीत पाय चेचलेले मजूर, तांड्यावरच्या बाया. नथ्थूजी डोळे मिटून दुखऱ्या जागेवरून बोटं फिरवत, लेप लावत, बांबूच्या कामट्या बांधत. मला ते काम फार आवडे, कारण त्यात अर्धं नाटक होतं. मी महिन्यातून एकदा नाटकाच्या तालमीला यवतमाळला जाणारा माणूस. दुसऱ्याचं नाटक मला लांबून कळतं.

म्हणूनच छप्पन साली दिवाळीनंतर माझ्या लक्षात आलं की हा माणूस उठताना भिंत धरतो. कोणी पाहत असलं की भिंतीवरचं जाळं काढल्यासारखं करतो. ते एकटे असताना मी पकडलं. आधी म्हणाले, वात आहे. मग नडग्या दाबत म्हणाले, "आतून ठणकते, मास्तर. जसं काई कोनी हाड कोरून राह्यलं."

"डॉक्टरला दाखवू."

"हाडवैद्याचं हाड डाक्तरनं पाह्यलं, तं उद्या माह्या हाती कोन हात देईन?"

मग मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात यशस्वी नाटक बसवलं. नाटकमंडळीच्या पेटीतला वकिलाचा कोट, काळी टोपी आणि बिनकाचांचा चष्मा त्यांना चढवला आणि 'मामलेदाराचे सासरे' म्हणून यवतमाळला एका डॉक्टरांपुढे बसवलं. एक्सरे काढला. डॉक्टर म्हणाले, हाडं विरळ होत चालली आहेत. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या रोज घ्यायच्या, वर्षानुवर्षं. "मधेच सोडल्या तर साध्या पायरीवरून उतरताना हाड मोडेल, सासरेबुवा." बाहेर आल्यावर नथ्थूजी हसले नाहीत. चष्म्यातून बोट आत घालून डोळा पुसला.

तेव्हापासून दर महिन्याला गोळ्या मी आणू लागलो. शाळेच्या खडूच्या पेटीत, वरून दोन थर खडू. पेटी हातात घेताना ते दर वेळी बजावत, "मास्तर, तुमचं तोंड म्हंजे गावची दवंडी हाय. हे बाहेर जाऊ देऊ नोका." आणि वाचकहो, माझ्यासारख्या माणसानं हे गुपित सहा वर्षं पोटात ठेवलं. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. त्याचा मला केवढा अभिमान होता!

गेल्या उन्हाळ्यात नथ्थूजी स्वतःच्या ओट्याच्या पायरीवरून उतरताना पडले. पायरी जेमतेम वीतभर उंच. खुब्याचं हाड मोडलं. मी जीप आणतो म्हणालो. त्यांनी माझं मनगट धरलं. पकड तशीच होती, फौजदारालाही वठणीवर आणणारी. "जीप नाई. इथंच बांधा. मी सांगतो तसं." सारजाकाकू, त्यांची बायको, दाराशी उभ्या. मी कामट्या घेतल्या. पट्टी सैलच बसत होती, आणि खाटेवर पडलेला तो माणूस दातांवर दात रोवून म्हणाला, "घट्ट, मास्तर… नाटकातली दाढी नाई बांधून राह्यले."

मी हसलो, आणि बांधलं. जीप आणली नाही. त्यांचं नाव राखलं, असं मला त्या दिवशी वाटलं होतं. पुढचे तीन महिने ते त्या खाटेवरून उठले नाहीत. पाठ सोलली, छातीत कफ भरला. लोकांना काकू सांगायच्या, ताप आहे. मी गोळ्या आणतच होतो. मनात डॉक्टरांना शिव्याही देत होतो, की रोज घेऊनसुद्धा हाड मोडलंच कसं?

तेरवीला तांड्यावरची एक बाई आली. चालत आली, हे ती सगळ्यांना दाखवत होती. मांडीचं हाड मोडलं, चार महिने जुळेना, लागोपाठच्या बाळंतपणांनी अंगात काही उरलंच नव्हतं. "मंग बाबानं पांढऱ्या पुड्या देल्ल्या. रोज दुधात घे म्हने. पाहा, कशी उभी हावो!" तिच्यामागे आणखी दोघी होत्या. त्यांनाही पुड्या.

मी काकूंकडे पाहिलं. त्या मला आत घेऊन गेल्या.

"तुमच्याच गोळ्या, मास्तर. पयलं वरीसभर खाल्ल्या त्याहिनं. ठनका कमी झाला, तं म्हनले, औषद खरं हाय. आन् मंग कुटून वाटाले लागले. ज्या बायांचं जुळत नोयतं, त्याहिले."

"अहो, पण मला दुप्पट आणायला सांगायचं! तिप्पट आणल्या असत्या!"

काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. आवाज चढवला नाही. "सांगतलं असतं तं तुमी इचारलं असतं, कायले. एका मान्साले एवढ्या कायले. आन् मंग आठ दिवसात बसमधी सांगतलं असतं, नथ्थूजीच्या लेपात दम नाई, डाक्तरच्या गोळ्या कुटून देते."

मी त्यांना म्हणालो नाही की सहा वर्षं मी ओठ शिवून होतो. कारण ती दुसरी, पुड्यांची गोष्ट हाती लागली असती, तर ती मी सांगितलीच असती. नक्कल करून सांगितली असती. नथ्थूजींनी माझं हाड बरोबर चाचपलं होतं.

ही गोष्ट आता छापायला देतो आहे, ती काकूंच्या सांगण्यावरून. परवा गेलो तर ओट्यावर दोघी बसलेल्या होत्या, मेटीखेड्याहून आलेल्या. एकीचा हात झोळीत बांधून गळ्यात अडकवलेला. काकू त्यांना समजावत होत्या की लेप संपला, यवतमाळले जा. त्या हटत नव्हत्या. बाबाची पुडीच पाहिजे म्हणत होत्या. काकू आत गेल्या, दगडी खल उचलून आणला आणि माझ्यापुढे ठेवला. तो त्यांनी अजून धुतलेला नाही. तळाशी पांढरं चिकटलेलं आहे.

"त्याहिचं नाव राहो का जावो," काकू म्हणाल्या, "या पोरींचं हाड जुळलं पाह्यजे. आता बोला, मास्तर."

दोघी माझ्या तोंडाकडे बघू लागल्या. मी खलात बोट फिरवलं, आणि नक्कल न करता, हात न उडवता, त्यांना गोळीचं नाव सांगितलं.