अलिबागच्या पाण्यात पोरं मी उतरवली

अंतोन सर गेल्याचा फोन आला तेव्हा कल्याणच्या माझ्या दुकानात सुरतेचा एक व्यापारी बसला होता आणि चादरींच्या भावावरून आमची जुंपली होती. फोन माझ्या मुलीचा, मुग्धाचा. "आई, सर गेले. सकाळी, झोपेतच." मी फोन ठेवला आणि व्यापाऱ्याला म्हटलं, तुम्ही म्हणाल तो भाव. तो बघतच राहिला. मला रडू आलं नाही, भीती वाटली. नऊ वर्षं जी गोष्ट आम्हा दोघांनाच माहीत होती, ती आता माझ्या एकटीजवळ उरली होती…

ठाकुर्लीच्या आमच्या वसाहतीत सर तरुणांचं मंडळ चालवत. शाळेत भूगोल शिकवायचे. मूळचे उत्तनचे, ख्रिस्ती कोळी. दर हिवाळ्यात पंधरा-वीस पोरांना घेऊन समुद्रकाठचं एखादं शहर बघायला निघायचे. बघायचं ते पायी: मासळीबाजार, बंदर, जुन्या पेठा, किल्ला. संध्याकाळी प्रत्येकाने वहीत शहराचा नकाशा काढायचा. "नुसती हॉटेलंच काय दाखवलीस रे? इथले लोक राहतात कुठे?" असं विचारायचे. मला सोबत न्यायचे, कारण गाडी, मुक्काम, जेवण, सगळ्याचा भाव मी पाडायचे. हातगाडीवर परकर विकत मी दुकानापर्यंत आलेय, मला कोणी सहज गुंडाळत नाही. "शैलाताई असल्या की समुद्रसुद्धा थोडा मागे सरतो," असं सर पोरांना सांगायचे.

त्या वर्षी अलिबाग होतं. ठाण्याच्या खोपटहून मी स्वस्तातली बस ठरवली होती. ती वाटेत दोनदा बंद पडली आणि आम्ही दीड तास उशिरा पोचलो. एक मुलगी ओकून बेजार झाली होती. तिला औषध घ्यायला गावात नेताना सरांनी मला बाजूला घेतलं. "ताई, आज पौर्णिमा आहे, पाणी चढायला लागलंय. समुद्रातल्या किल्ल्यात होडीनेच जायचं. मी येईपर्यंत कोणी उतरायचं नाही." मी हो म्हटलं, आणि होडीवाल्याशी घासाघीस सुरू केली. अर्धा तास गेला. तो एक पैसा सोडेना. शेवटी म्हणाला, "परवडत नाही तर चालत जा ना ताई. किल्ला कुठे पळतोय?" माझं डोकं फिरलं. समोरून चार-पाच माणसं किल्ल्याकडून पाण्यातून चालत येत होती. मी पोरांना म्हटलं, चला रे, हे येतायत तसे आपण जाऊ. ती माणसं पाणी वाढतंय म्हणून परतत होती, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

अर्ध्या वाटेत पाणी गुडघ्याला लागलं, मग मांडीला. किल्ला जेवढा लांब, तेवढाच मागे किनारा. पाणी लाटांनी येत नव्हतं. आवाज न करता दोन्ही बाजूंनी चढत होतं, आणि पायाखालची वाळू निघून जात होती… आजही दुकानात बसल्या बसल्या माझे तळपाय गार पडतात. तेवढ्यात मागून सरांचा आवाज आला. "हात नको, मनगट धरा एकमेकांचं. तोंड किनाऱ्याकडे." पोरांची साखळी झाली. साखळीत माझी मुग्धाही होती. तिचा पाय सुटला, डोकं पाण्याखाली गेलं. सरांनी पाठीवरच्या सॅकला धरून तिला वर ओढलं. काठावर सगळी आल्यावर एकेकाला नावाने हाक मारली आणि म्हणाले, "ताईंना मीच सांगितलं होतं निघायला. माझा अंदाज चुकला."

पालकांची सभा झाली. "उत्तनचा माणूस, आणि पाणी कळत नाही?" एकाने विचारलं. काही जण हसले. सर म्हणाले, "चुकलं." मंडळ त्यांच्या हातून काढून घेतलं. मी मुग्धाचा हात धरून तिसऱ्या रांगेत गप्प बसले होते. चार पैशांसाठी पोटची पोर पाण्यात घातली, हे तिला कळलं तर… नंतर रिक्षा स्टँडवर मी सरांशीच भांडले. कोणी सांगितलं होतं तुम्हाला? ते म्हणाले, "सतरा वर्षांची आहे मुग्धा. मंडळ दुसरं कोणी चालवेल." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी दोन उलट दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते. न मागता देणाऱ्या माणसावर माझा कधीच विश्वास बसला नाही. मला न विचारता त्यांनी माझी चूक स्वतःवर घेतली, हा राग अजून गेलेला नाही. त्या दिवसापासून ते दिसले की मी रस्ता बदलायचे.

गेल्या रविवारी, चर्चमध्ये त्यांची महिन्याची मिसा झाल्यावर, मी हे सगळं लिहिलेले कागद घेऊन त्यांच्या घरी गेले. बाहेरच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. त्यांच्या पत्नी, मेरीवहिनी, म्हणाल्या, "मिसेहून आले की रविवारभर ते उघडंच ठेवायचे. म्हणायचे, शैलाताई येतील. आता मलाही सवय लागलीय." मग विचारलं, "मुग्धाला सांगितलंत?" म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

"काल."

"काय म्हणाली?"

"अजून बोललेली नाही."

त्यांनी मला दाराकडे तोंड केलेल्या त्यांच्या खुर्चीत बसवलं आणि वाचायला सांगितलं. ‘मी रस्ता बदलायचे’ इथपर्यंत वाचलं. मधे दोनदा थांबावं लागलं. वहिनी उठल्या, आणि दार लावून घेतलं.

"वारा फार येतो," म्हणाल्या.