पेंटरने भरलेल्या रेघा

अनंत म्हात्रे यांच्यावर अन्याय झाला तो १९९६ साली, गणपती उठल्यानंतरच्या सोमवारी, अंबरनाथच्या एका रासायनिक कारखान्यात सकाळची पाळी आत शिरत असताना. गेटवर नवा फलक लागला होता, आणि त्यावर अनंतदादानं काढलेलं चित्र होतं. दिवाळीआधी दादा हृदयविकारानं गेला. लोक म्हणतात, नशीब... मी म्हणत नाही.

दादा माझा आतेभाऊ, बदलापूरचा, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. दुपारी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये एका सिंधी शेठच्या कॉम्प्युटर क्लासात मशीन रिकामं असलं की बसायचा. आपल्या यकृतात एक प्रथिन असतं, शरीरात शिरलेली रसायनं फोडणारं. त्याच्या घटकांची साखळी ठाऊक होती, पण ती गुंडाळली की आकार कसा होतो ते कुणी पाहिलं नव्हतं. त्याच्यासारख्या दुसऱ्या, पाहिलेल्या प्रथिनावरून दादा तो आकार मशीनकडून ताडून घेत होता. त्या वेटोळ्या आकाराला जिलेबी म्हणत शेठ चिडवायचा, "प्रोफेसर, तेरी जलेबी आज भी कच्ची है क्या?"

"कच्चीच आहे शेठ, नेमकी तोंडाशी!"

रसायन जिथून आत शिरतं, ते तोंड. तिथेच मशीनचा अंदाज डळमळायचा, म्हणून आकार कागदावर उतरवताना तिथे दादा तुटक रेघ काढायचा.

कामगारांना समजवायला म्हणून कारखान्यानं ते चित्र मागून नेलं. फलक देखणा दिसावा म्हणून पेंटरनं तुटक रेघा भरून टाकल्या. खाली लिहिलं, इथलं रसायन शरीर स्वतःच पचवतं. आणि मास्क काढून घेतले! दादाचा धाकटा भाऊ किशोर त्याच कारखान्याच्या शेडमध्ये कामाला. तो हसत म्हणाला, "दादा, तुझंच चित्र ना? मग तूच काय घाबरतोस?"

"तुटक म्हणजे मला माहीत नाही, किशा. तेवढंच पुसलं रे त्यांनी..."

दादा फलक उतरवा म्हणून सांगायला गेला, मी सोबत होतो. मॅनेजर म्हणाला, "सर, पेंटरनं जरा फिनिशिंग केलं, एवढंच." त्यानंतर किशोर कामावरून आला की त्याला खिडकीशी उभं करून दादा पापणी खाली ओढायचा, डोळे पिवळे पडलेत का बघायचा. जाईपर्यंत हेच.

आता मी बघतो. गेल्या आठवड्यात किशोरचे डोळे पिवळे दिसले... मला भीती वाटते, आणि ती लपवायची माझी इच्छा नाही. फलक अजून गेटवर आहे.

तुमच्या घरातलं कुणी त्या शेडमध्ये जात असेल, तर आजच उजेडात त्याचे डोळे बघा. मास्क आणि रक्ततपासणी मिळेपर्यंत त्याला आत पाठवू नका.