शेंदूर लावलेला नऊ नंबर

केवळराम आमच्या सर्व्हेचा खलाशी. खलाशी म्हणजे बोटीवरचा नव्हे. मी दुर्बिणीतून बघायचो आणि तो समोर मापाची उंच पट्टी धरून उभा राहायचा. वीस वर्षं उभा राहिला. ऊन डोक्यावर आलं तरी पट्टी हलायची नाही, तोंड मात्र सारखं चालू. चंद्रपूरजवळच्या एका गावाखालून कोळसा काढून झाला होता. वरची जमीन खचते का, हे पाहायला आम्ही गावात सिमेंटचे खांब रोवले होते. नऊ नंबरच्या खांबाला गावानं शेंदूर फासला, नारळ फोडला. आम्ही हसलो. देव झाला तर झाला, निदान कोणी उपटून तरी नेणार नाही!

२००४च्या उन्हाळ्यात सोनीबाई तक्रार घेऊन आली. तिचं घर त्या खांबाला लागूनच.

"भाऊ, भीत फाटून राह्यली. घरात बसाले भेव लागते."

आम्ही माप घेतलं. नऊ नंबर खाली जाणं सोडाच, तीन सेंटीमीटर वर आला होता. जमीन कधी वर येते का? माझंच काही चुकलं असणार, असं धरून मी वहीत मागचाच आकडा लिहिला. केवळराम, कधी नव्हे तो, गप्प होता. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं. 'जमीन स्थिर' या माझ्या शेऱ्यावर सोनीबाईचा अर्ज निकाली निघाला.

दिवाळीआधी भिंत पडली. सोनीबाईचा खुबा मोडला.

पुढच्या वर्षी उपग्रहाच्या रडारनं टिपलेला नकाशा ऑफिसात आला. जमीन खचली तिथं रंगीत कडी. एक कडं म्हणजे जवळपास तीन सेंटीमीटर. सोनीबाईच्या घराभोवती तीन कडी होती. साहेब म्हणाले, "आकाशातून काय कळतं? आपलं माप पक्कं आहे."

दाराशी उभा केवळराम बोलला, "साहेब, वरचंच खरं हाय. मापाच्या आधीच्या पावसाळ्यात तिथी खोलगट झालं, पानी साचाले लागलं. देव पान्यात हाय म्हणून गाववाले म्हणे, तं मीच उकरून, खाली दगड देऊन त्याले वर केलं. मापाच्या वक्ताले समजलं मले. नोकरी जाईन म्हणून बोल्लो नाई."

अर्ज पुन्हा उघडला. आम्ही दोघं सोनीबाईकडे गेलो. ती बाजेवर पडून होती. केवळरामनं हात जोडले.

"बाई, माह्यानं चूक झाली. मी देव उचलला नसता तं..."

"चूक कायची, भाऊ? तुम्ही देवाले पान्यातून काहाडलं म्हणून तं मी भितीखालून जित्ती निंगाली!"

केवळरामनं माझ्याकडे पाहिलं. समजावून सांगायचं काम माझं होतं. आकडा माझ्या हातचा होता. "आराम करा, बाई," एवढंच म्हणालो आणि उठलो.