जवळून न बघायची बाग

ज्यांच्याबद्दल लिहायला बसलो आहे त्यांना मी फारसा ओळखत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. एकाच नाट्यगृहात आम्ही अर्धं आयुष्य काढलं, पण मी पुढच्या बाजूला तिकिटांच्या खिडकीत आणि ते मागच्या शेडमध्ये, पडदे रंगवत. ते कुठून आले, काम कोणाकडे शिकले, भावंडांत थोरले की धाकटे, यातलं मला काही ठाऊक नाही. मी आपणहून विचारणाऱ्यांतला नाही आणि ते सांगणाऱ्यांतले नव्हते.

नाटकात मागे राजवाडा, नदी, गल्ली दिसायची ती त्यांच्या हातची. कापड जमिनीवर पसरायचं, ब्रशला लांब काठी बांधायची आणि उभ्याने, चालत चालत रंगवायचं, ही त्यांची पद्धत. कोणी शेडमध्ये शिरून पडद्यावर वाकलं की ते ओरडत, "लांबून, राव, लांबून!" म्हणून सगळे त्यांना लांबूनराव म्हणत, अगदी तोंडावर. त्यांना त्याचं काही वाटत नसे. एकदा तर फोन उचलून "हां, लांबूनराव बोलतोय" असं म्हणताना मी ऐकलं आहे.

त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा नाट्यगृह बंद पडायच्या बेतात होतं. पगार कधी अर्धा मिळे, कधी पुढच्या महिन्यावर जाई. साठवलेलं होतं ते वहिनींच्या पाठीच्या ऑपरेशनमध्ये गेलेलं. मुलगी औषधांच्या दुकानात कामाला होती. मुलाकडचे खाऊनपिऊन सुखी; माणसं वाईट नव्हती. "तुम्हाला झेपेल तसं करा," असं ते म्हणून गेले होते.

"झेपेल तसं म्हणजे नक्की कसं, ते विचारायचं राहिलंच की!" वहिनी म्हणाल्या.

खर्चाची सगळी सूत्रं वहिनींकडे. पत्रिका छापल्याच नाहीत, फोन केले. कपडे मावशीने शिवले. फोटो मुलीची मैत्रीण काढणार होती. जेवण ओळखीच्या खानावळवाल्याकडून यायचं होतं. हॉल मिळाला तो एका गोदामाच्या वरचा, कामगार संघटनेच्या सभांचा. लांबट, अरुंद, छत डोक्याला लागेल की काय असं, आणि एका अख्ख्या भिंतीला ओल येऊन हिरवेकाळे नकाशे उमटलेले. नवरा-नवरीने उभं राहायची जागा नेमकी त्याच भिंतीपुढे होती, कारण दुसऱ्या बाजूला खिडक्या.

मुलीने कशालाच तोंड वाकडं केलं नाही. एकच गोष्ट मागितली, आणि ती शेडमध्ये, माझ्यासमोर.

"बाबा, बाकी काही नको. फक्त मला त्या भिंतीपुढे उभी करू नका. डेकोरेशनवाल्याकडून पांढरं कापड घेऊ भाड्याने. आईने तेवढे पैसे बाजूला काढलेत."

"भाड्याचं कापड?" लांबूनरावांना ते फारच लागलं. "अगं, बाप पडदे रंगवतो आणि मुलगी भाड्याच्या चादरीपुढे उभी राहणार? तुला बागेत उभी करतो मी. बागेत!"

"नक्की ना, बाबा?"

"विचार यांना," ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. मी मान हलवली.

वहिनींनी ते कापडाचे पैसे त्याच दिवशी पाहुण्यांच्या गाडीकडे वळवले. त्यांच्या हातात पैसा क्षणभरही रिकामा बसत नसे.

लांबूनरावांनी एक जुना, कोर्टाच्या देखाव्याचा पडदा काढला, त्यावर पांढरा हात मारला आणि कामाला लागले. त्या दिवसांत ते शिट्टी वाजवत असत. भिंत त्यांनी स्वतः जाऊन मोजून आणली होती, लांबी आणि उंची, दोन्ही दोनदा.

बाग पुरी झाली तेव्हा त्यांनी ती रंगमंचावर टांगली, पिवळे दिवे लावले आणि आम्हाला सगळ्यांना शेवटच्या रांगेत बसवलं. मला वर्णन करता येत नाही. दोन्ही बाजूंनी झाडं वाकलेली, मधून वाट, वाटेच्या टोकाला कारंजं, गुलाबांचे ताटवे. ऊन कुठून येतंय तेसुद्धा कळत होतं.

मुलगी खुर्चीत पुढे सरकली. मग आईचा हात धरून हळूच म्हणाली, "आई, पाणी हलतंय गं."

"बरं आहे," वहिनी म्हणाल्या. एवढं कौतुक त्यांनी नवऱ्याचं कधी केलं नसावं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही पडदा हॉलवर नेला; वहिनीही बरोबर होत्या. एका टोकाला स्टुलावर मी, दुसऱ्या टोकाला ते. बांधून झालं, मी खाली उतरलो, वर पाहिलं. मला वाटलं, आपण तो उलटा लावला.

गुलाब म्हणजे कोणीतरी लाल रंगाचे हात पुसल्यासारखे डाग. कारंजं म्हणजे चुन्याचा ओघळ. झाडांचं तर काय सांगावं. आणि ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात सगळ्यावर एक आजारी कळा पसरलेली.

लांबूनराव पडद्याकडे बघत बघत एकेक पाऊल मागे सरकत होते. सरकता सरकता त्यांची पाठ खिडकीला लागली, तरी टाचा मागे जायला बघतच होत्या.

"अजून थोडं मागे जायला हवं," ते म्हणाले.

मागे खिडकी होती आणि खिडकीबाहेर रस्ता.

उभ्या जन्मात त्यांनी एकाच रंगमंचासाठी पडदे रंगवले होते, त्याच दिव्यांसाठी, तिथल्याच लांबच्या खुर्च्यांसाठी. बघणारा लांब असणारच, हे त्यांनी गृहीतच धरलेलं. भिंत मोजली, भिंतीसमोरची जागा मोजायची त्यांना सुचलंच नाही.

मग आमची धडपड सुरू झाली. ट्यूब बंद करून पाहिल्या. खुर्च्या हलवल्या. दार उघडून जिन्यात जाऊन पाहिलं. "इथून बघा, इथून जमतंय!" लांबूनराव जिन्यातून ओरडले. खरंच, दाराच्या चौकटीतून झाडाचं एक टोक झाडासारखं दिसत होतं.

"मग पाहुण्यांना जिन्यात बसवू या," वहिनी म्हणाल्या. "एकेका पायरीवर एकेकाला. वरच्या पायरीवर मानाचे."

शेवटी ते बारीक ब्रश घेऊन पडद्याला नाक लावून बसले. एकच गुलाब जवळून नीट करून बघतो म्हणाले. हाताला काठीची सवय, आणि जवळचं दिसतही नव्हतं. घाम पुसत बाजूला झाले तेव्हा वहिनींनी वाकून पाहिलं.

"कोबी झाला."

वहिनी आणि मी हसलो. तेही हसले. हसू संपल्यावर मात्र कोणालाच पुढे काय करायचं ते कळेना.

मी डेकोरेशनवाल्याला फोन केला. "काका, उद्या?" तो म्हणाला. "उद्या माझ्याकडे रुमालसुद्धा शिल्लक नाही. सीझन आहे." असतं तरी द्यायला पैसे नव्हते, पण ते त्याला सांगायची वेळ आली नाही. वहिनी घरातल्या चादरी आठवून बघत होत्या. एक पट्ट्यापट्ट्यांची, एक फुलांची, एक विटलेली.

एवढ्यात मुलगी दुकानातून आली. लांबूनराव धावत दाराशी गेले.

"तिथेच थांब. आत येऊ नको."

"बाबा, उद्या सगळे आतच येणार आहेत."

ती आत आली. पडद्यासमोर उभी राहिली. मग जवळ जाऊन तिने एका झाडावर बोट फिरवलं. बोट हिरवं झालं. ते रंग असेच असत. नाटकात पडद्याला कोण हात लावतो? तिचे उद्याचे कपडे फिक्या रंगाचे होते.

"अंगाला लागेल हे," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "काढू या, बाबा."

"पण मग भिंत..."

"असू दे भिंत."

"मी तुला म्हटलं होतं ना, बागेत..."

"हो, म्हटलं होतंत."

ती हात धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू होता. वहिनी दाराबाहेर उभ्या राहिल्या, पण त्यांनी हाक मारली नाही. लांबूनराव स्वतः स्टुलावर चढले आणि गाठी सोडू लागले. गाठी त्यांनी चांगल्या आवळून मारल्या होत्या, लवकर सुटेनात.

दुसऱ्या दिवशी लग्न त्या भिंतीपुढेच झालं. सह्या झाल्या, टाळ्या झाल्या, जेवण चांगलं होतं. मुलाची आत्या दोनदा म्हणाली, "इथे ओल फार आहे हो." मनात काही ठेवून नव्हे, अशीच. दोन्ही वेळा मुलगी हसली, आणि ते हसणं मी अजून विसरलो नाही. फोटो काढताना ती जरा तिरकी उभी राही, म्हणजे सगळ्यात मोठा डाग नवऱ्याच्या मागे जाई.

लांबूनराव दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला या, बसा करत होते. हॉलकडे त्यांची पाठ होती. मुलाच्या वडिलांनी गप्पांत विचारलं, "आपण काय काम करता?"

"रंगकाम," ते म्हणाले. पडद्यांचं नाव काढलं नाही.

पुढे लवकरच नाट्यगृहाला कुलूप लागलं. ते दोघं वहिनींच्या भावाकडे राहायला गेले असं कळलं, आणि मग एकदम लांबूनराव गेल्याचंच कळलं. मधल्या काळात भेट झाली नाही. आमचं शेवटचं बोलणं झालं ते लग्नाच्या संध्याकाळी. पाहुणे गेले होते. गुंडाळलेला पडदा खुर्च्यांमागे पडून होता, तो आम्ही दोघं जिन्यावरून खाली नेत होतो. पुढे ते, मागे मी. मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं. शेवटच्या रांगेतून मी ती बाग पाहिली होती, आणि ती खरी होती, असं काहीसं. पण वळणावर पडदा अडकला.

"तुमच्याकडचं टोक जरा वर घ्या," ते म्हणाले.

"घेतलं."

"अजून थोडं."

"आता?"

"हां, निघतंय. सावकाश या, इथली पायरी तुटकी आहे."

"हो," मी म्हणालो.