दुसऱ्या फेरीची पट्टी

आमच्या बुवापाड्याच्या बँडने सोनिवलीतल्या एका वरातीत एकच धून एकाच वेळी दोनदा वाजवली.

बँड अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. सगळी गाणी त्यांच्या डोक्यात. पण हल्ली ते क्लॅरिनेट मध्येच थांबवून ट्रम्पेटवाल्या दिनूकाकाला, म्हणजे आपल्या धाकट्या भावाला, "पुढं काय रे?" असं विचारायला लागले होते. शेवटी म्हणाले, "ही लगीनसराई झाली की बँड बंद." मला फार वाईट वाटलं. गाणी कागदावर आली तर बँड टिकेल, म्हणून मी लॅपटॉपवर नोटेशनचं सॉफ्टवेअर घेतलं, सगळ्यांना वाचायला शिकवलं आणि अण्णांची वरातीची धून उतरवली.

आधी छोटी सलामी, मग सहा मात्रांचा पहिला भाग. दुसऱ्या भागात पट्टी चढते, ठेका चारचा होतो आणि नाच पेटतो. मग सलामी सोडून पुन्हा पहिला भाग. मी शेवटी 'मागे फिरा'ची खूण टाकली. लॅपटॉपने धून अशी बिनचूक वाजवली की मी स्वतःचीच पाठ थोपटली (हात पोचला नाही, तरी!).

"कागदावरची नजर हलवायची नाही!" असा वरातीत मी सगळ्यांना दम भरला. पहिली फेरी झकास झाली. मग सगळे कागदावर मागे फिरले आणि घोळ झाला. जिथं फिरून यायचं, तिथं जुनी पट्टी आणि जुना ठेका पुन्हा लिहायला हवा होता. तो मी लिहिलाच नव्हता! लॅपटॉपला काय, त्याला सूर ठाऊकच होते. माणसं बिचारी कागदावर विसंबलेली. अण्णा सवयीने जुन्या पट्टीत, बाकी अख्खा बँड नव्यात! नवरदेवाचे मामा एक पाय उचलून तसेच उभे राहिले, कारण तो कुठल्या ठेक्यावर टेकवायचा तेच कळेना.

"दिन्या, कुठं चाललास?"

"कागदात लिहिलंय तिकडं!"

"कुणी लिहिलंय?"

सगळे माझ्याकडे वळले. मी खुळखुळा जोरात हलवला (ज्याला काहीच येत नाही, त्याला बँडमध्ये तो देतात).

"कागद खाली! माझ्याकडं बघा!" म्हणत अण्णांनी पुन्हा सलामी धरली आणि वरात मांडवात पोचवली.

आता माझी खैर नाही, असं वाटत होतं. पण अण्णा पेन्सिल घेऊन आले. "परत येताना काय लिहायचं असतं ते दाखव. माझं डोकं चुकलं की कुठं चुकलं ते कळत नाही रे. तुझ्या कागदावर निदान दिसतं तरी."

"मग बँड बंद नाही ना?"

"बंद कसला? अजून ढीगभर गाणी उतरवायचीत!"

माझे डोळे भरून आले. तेवढ्यात वरातीतले उल्हासनगरचे एक सिंधी शेठ पुढे आले. "अरे साईं, वो बीच में दो बँड एक साथ बजे ना? मेरे बेटे की शादी में वहीच चाहिए!"

अण्णांनी तिथल्या तिथे ऑर्डर घेतली. तेव्हापासून त्या ऑर्डरसाठी मी ती चूक जशीच्या तशी ऐकायला लॅपटॉपपुढे बसतोय. लॅपटॉप तोच चुकलेला कागद दर वेळी बरोबर वाजवतो; चुकायला शेवटी मीच लागतो!