विकाऊ घरातली पणती

आमोण्याचे आमचे घर विकायला काढले तेव्हा पुढच्या गणेश चतुर्थीपर्यंत ते जाईल असे मी धरले होते. चार चतुर्थ्या गेल्या. मी पणजीत तिसऱ्या मजल्यावर राहते, इमारतीला लिफ्ट नाही आणि गुडघे थकले आहेत. डिचोलीत तळमजल्यावरची एक जागा पाहून ठेवली होती. तिचा मालक अधूनमधून फोन करायचा, "बाई, घेणार ना नक्की?" आमोण्याचे घर गेल्याशिवाय मला हो म्हणता येत नव्हते.

घरात दोष नव्हता. जाहिरात मी स्वतः लिहिली. वर्तमानपत्रात दुसऱ्यांच्या बातम्या तपासण्यात माझी सगळी नोकरी सरली होती. नदीपासून चालत सात मिनिटे, चार खोल्या, चिऱ्याच्या भिंती, विहिरीला मे महिन्यातही पाणी. शेवटची ओळ होती: 'घर बंद नाही, रोज दिवा लागतो.' प्रत्येक शब्द खरा होता.

दिवा शेजारची वहिनी लावायची. आई गेल्यावर किल्ली मी आधी तिच्या सासूकडे आणि मग तिच्याकडे दिली, कारण तुळस अंधारात ठेवायची नाही, हे आमच्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. वहिनी तिन्हीसांजेला पणती लावी, अंगण झाडी. पुढे तिने आमच्या अंगणात कपड्यांची दोरी बांधली, विहिरीकडे वालीच्या शेंगांचा मांडव घातला. मला ते बरे वाटले. घर जिवंत दिसत होते.

गिऱ्हाईके येत, खोल्या पाहत, मान डोलावत. वहिनी पाणी आणून देई. ती माणसे तिच्याशी दोन शब्द बोलत आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून जात. परत कोणी आले नाही.

याच काळात माझ्या मावसबहिणीने मोरजीचे घर विकले. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तिचे घर मी पाहिले होते. निम्मी कौले खाली, माजघरात रान, तुळशीचा पेड, म्हणजे वृंदावन, फुटलेला. दोन महिन्यांत गेले. ती पेढे घेऊन पणजीला आली, तीन मजले न थांबता चढून. तिने मोबाईलवर घेणाऱ्यांचा फोटो दाखवला. दिल्लीचे जोडपे, मोडक्या दारात उभे, हसत. मी पेढा खाल्ला आणि जरा जास्त गोड आहे म्हणाले. तो नव्हता.

त्यानंतरच्या आठवड्यात मी बसने मोरजीला गेले. कासवांची अंडी घालायची जागा बघायची आहे, असे इमारतीत सांगितले. समुद्राकडे गेलेच नाही. तिच्या घरासमोर उभी राहून खिडक्या मोजल्या. पाच. आमच्या नऊ.

शेवटी तिलाच आमोण्याला नेले. माझे घर तिच्यापेक्षा चांगले आहे हे तिने एकदा तोंडाने म्हणावे, एवढीच इच्छा होती. वहिनी पाणी घेऊन आली. बहिणीने सहज विचारले, "हंय किती वर्षां बघतंस गे?"

"माझ्या सासूच्या काळापासून," वहिनी अभिमानाने म्हणाली. "आमीच बघतांव."

ती गेल्यावर बहीण माझ्याकडे वळली. "ताई, तू घर विकतंस काय राखतंस? दिवो पेटता, कपडे सुकतत, वाल लागल्या. आनी वयर ही म्हणता, सासूच्या काळापासून. घेणारो दुसरां काय समजतलो? हंय मुंडकार बसलो आसा!"

दुसऱ्याच्या जागेत पिढ्यानपिढ्या राहणाऱ्याला गोव्यात मुंडकार म्हणतात. कायद्याने त्याला उठवणे कठीण, म्हणून असे घर कोणी घेत नाही. मुंडकारांच्या खटल्यांच्या कितीतरी बातम्या माझ्या हाताखालून गेल्या होत्या. माझ्याच अंगणातली मला वाचता आली नाही. वाचली तीही हिने.

दुसऱ्या दिवशी मी वहिनीकडून किल्ली मागितली. तिने ती काढून दिली. दोरी सोडली, वालीचा मांडव मोडला. मग एवढेच म्हणाली, "तुळशीक आमच्या दारात नेऊ?" मी हो म्हटले. तिने मुळासकट तुळस काढली, कुंपणापलीकडे लावली आणि त्याच संध्याकाळी तिथे पणती ठेवली. आमचे अंगण पहिल्यांदा काळोखात पाहिले. वहिनीच्या दारातल्या उजेडाचाही मला हेवा वाटला.

साखळी गावच्या एका शिक्षक कुटुंबाने घर घेतले. करारावर सह्या झाल्या त्याच दुपारी मी डिचोलीच्या मालकाला हो कळवले आणि नंतर बहिणीला फोन केला.

"गेलां एकदाचां? किती दिवस लागले?"

बातमीत मी कधी आकडा फिरवला नव्हता. पणती विझली त्या दिवसापासून मोजले आणि सांगितले, "एकोणपन्नास."

तिला दोन महिने लागले होते.  पलीकडे ती हसू लागली.

"आनी आदल्यो चार चतुर्थ्यो कोणाच्यो गे ताई?"